फणसवाडीची नऊ पाकिटं

मी मूळचा निपाणीकडचा. म्हणजे निपाणीतला न्हाय बरं का, निपाणीच्या भायेर चार कोसांवर आमचं गाव, तंबाखूचं गाव, शेतात तंबाखू, ओसरीवर तंबाखू, माळ्यावर तंबाखू, माझी आई म्हणायची ह्यो परशा जलमला तवा रडायच्या आधी शिंकला. बा वखारीत तंबाखू कुटायचा, आई पानं निवडायची, आणि मला कोण शाळंत घालणार, पण आमच्या शेजारी अण्णांचं घर, जैनांचं, मोठं शेत आणि थोडा व्यापार, त्या अण्णांचं डोळं अधू झालतं आणि त्यांस्नी रोजची पत्रं वाचून दाखवायला कोण तरी पायजे हुतं, म्हणून त्यांनीच मला शाळंत घातलं. पत्रं मराठीत यायची, कन्नडात यायची, दोन्ही वाचायला शिकलो. आणि अण्णांनी मला एक गोष्ट शिकवली, ती आदी सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच हाय. अण्णा म्हणायचं, परशा, पत्र वाचायचं तर वरच्या तारखेपासनं खालच्या सहीपतोर वाचायचं, मधी थांबायचं न्हाय, बातमी गोड असो न्हायतर कडू. अर्धं पत्र म्हणजे खोटं पत्र. असं म्हणायचं अण्णा. आणि मी काय केलं? सांगतो, सांगतो, जरा दमानं.

बा खोकून खोकून गेला, मग मामानं आमास्नी हिकडं खानापूरच्या अंगाला आणलं. लढाई चालू हुती, माणसं सगळी पलटणीत भरती झालेली, टपालाला माणूस मिळंना, मामानं मला नेऊन मास्तरांसमोर हुबा केला. मास्तर म्हणजे आमचं पोष्टमास्तर, चनबसाप्पा, धारवाडकडचं, मराठी बोलायला लागलं की निम्मं कन्नड येतंय. मला म्हणलं, ओदलिक्के बरतद येनु, वाचता येतंय का? मी म्हणलं दोन्ही येतंय. बरी ओदु, वाच की मग. मी समोरची भिंतीवरची नोटीस मराठीतनं पण वाचली आणि कन्नडातनं पण वाचली. झालं, लागली नोकरी! टेंपरवारी, पण लागली. खाकी कोट मिळाला, माझ्या आधीच्या पोष्टमनचा, त्यो लई जाडा असावा, त्या कोटात दोन परशराम मावले असते, पण मी त्यो कोट घालून पयल्या दिवशी घरी गेलो तवा आईनं मीठमोहऱ्या उतरल्या बगा माझ्यावरनं!

आठ गावं मला. सात खालची आणि एक वरची, फणसवाडी. खालची एक दिसाआड, फणसवाडी फक्त गुरवारी. कारण फणसवाडी म्हणजे डोंगरात, वाटंत रान, मधी ओढा, पावसाळ्यात त्या ओढ्यावर दोर बांधत्यात आणि मी पिशवी डोस्क्यावर धरून दोराला लटकत जातो, तवा लोक काठावरनं वरडत्यात, आरं परशा, तू गेलास तर चालंल, मनिआर्डर धर! अशी माणसं. नऊ घरं नुसती, नऊच्या नऊ एका भावकीतली, आणि प्रत्येक घरातला एक तरी बाप्या पलटणीत, कोण पेन्शनीत आल्याला, कोण अजून नोकरीत. त्यांचं म्होरकं सुभेदार आप्पा. म्हातारं झाल्यात, पण पाठ अशी सरळ की मी वाकून नमस्कार केला की मला म्हणत्यात, वाकू नको रं, कवायतीतनं भायेर काढतील.

तर निवडणूक लागली. लढाई संपल्यावरची. पेन्शनदार माणसांस्नी मत हुतं, आणि कचेरीनं असं काढलं हुतं की ज्याला लांब पडतंय त्यानं अर्ज करावा, मताचा कागद टपालानं घरी येईल, खूण करून टपालानंच बेळगावला परत धाडायचा. आता फणसवाडीला तर चौदा मैल केंद्र! नऊ घरांतनं नऊ अर्ज. मीच लिहिलं त्यांचं अर्ज, मीच नेलं. आणि त्यात एक अर्ज बाईचा. नागूआक्काचा.

ही नागूआक्का म्हणजे भावकीतलीच, आप्पांच्या चुलत भावाची बायको, नवरा पलटणीत हुता, त्यो मागंच वारला, त्याची पेन्शन तिला यायची म्हणून यादीत तिचं नाव आलं. एकच लेक, लक्षुमण, त्यो बी पलटणीत, समुद्रापलीकडं कुठंतरी. लढाई संपली तरी त्यो आला न्हाय, आज येतो उद्या येतो. दर गुरवारी मी ओढा वलांडला की ती वरच्या फणसाखाली हुबी. माझं काय हाय का रं परशा? न्हाय आक्का. बरं, मग ताक पिऊन जा. पत्र असो नसो, ताक असायचंच. दिवाळीच्या आधी तिनं करंज्या करून पत्र्याच्या डब्यात भरल्या, डबा फडक्यात शिवला, आणि माझ्याकडं दिला लेकाला धाडायला. मीच त्यावर पत्ता लिहिला. मीच वजन केलं. ध्यानात ठेवा हे.

मी तिला यादीतलं नाव वाचून दाखवलं तवा ती म्हणली, कुणाचं नाव हाय? मी म्हणलं, तुमचं. नुसतं माझं? वाच परत. वाचलं. परत वाच. पाच येळा वाचलं बगा! मग म्हणली, मला वाटलं माझं नाव फक्त माझ्या आईलाच ठावं हुतं.

कागद आलं गुरवारी, नऊ लांबडी पाकिटं, सरकारी छापाची, मी पिशवीत वेगळी बांधून नेली. आणि तिथं काय मज्जा झाली सांगू का! आप्पांनी सगळ्यांस्नी अंगणात रांगंत हुबं केलं, जशी परेड. हुकूम सांगितला, कागदावर छापलंय की मत गुप्त पायजे, कुणी बगायचं न्हाय, म्हणून एकेकानं गोठ्यामागं जायचं, खूण करायची, पाकीट बंद करायचं, यायचं. एकेक म्हातारा गोठ्यामागं जातोय आणि छाती काढून येतोय. दादूआबा गेलं ते येईचनात, आप्पा वरडलं, आरं दादू, मत देतुयास का म्हस पिळतुयास? आतनं आवाज, दोघांची नावं चांगली हायती रं, विचार करू दे की! मी हसून हसून खाली बसलो. पाकिटाला सरकारी डिंक हुता पण आप्पांचा त्याच्यावर इस्वास न्हाय, म्हणलं इंग्रजाचा डिंक कवाबी सुटतोय, म्हणून वरनं भाताची खळ लावून घेतली. नागूआक्का शेवटी गेली. गेली आणि लगेच आली. आप्पा म्हणलं, झालं? ती म्हणली, मला काय इचार करायचाय, जो ह्या ओढ्यावर साकव बांधतो म्हणला त्याला. आप्पा म्हणलं, आगं गुप्त, गुप्त!

मी म्हणलं, द्या मग पाकिटं, नेतो. तर आप्पा म्हणलं आज अवस हाय, अवसेला चांगला कागद घरातनं भायेर सोडायचा न्हाय, पुढच्या गुरवारी ने. त्याच्याही पुढच्या गुरवारी संध्याकाळी पाचापतोर कागद बेळगावात पोचायचा हुता, म्हणजे टाईम लई. नऊ पाकिटं आप्पांच्या पलटणीतल्या ट्रंकेत गेली.

आणि पुढच्या गुरवारी माझ्या पिशवीत ते पत्र.

पलटणीच्या हापिसाचं पत्र, टाईप केल्यालं, मराठीत, नागूआक्काच्या नावाचं. भायेरनं मला कळलं न्हाय. मला वाटलं लक्षुमण सुटला, घरी येतोय, हेच असणार! मी ओढ्यापासनंच वरडत गेलो, आक्का, हाय, हाय तुमचं! ती पळत आली. सगळी भावकी जमली. मी फणसाखाली हुबा राहून पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो, मोठ्यानं, कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपला मुलगा शिपाई लक्षुमण हा आजाराने इस्पितळात मरण पावला. आणि थांबलो.

थांबलो बगा. पुढं चार ओळी हुत्या. मला दिसत हुत्या. पण आक्का खालीच बसली आणि बायकांनी असा टाहो फोडला की माझं तोंडच मिटलं. मी पत्राची घडी केली, तिच्या पदरात ठेवली, आणि निघालो. पाकिटं मागायचं ना माझ्या ध्यानात, द्यायचं ना त्यांच्या.

मग खालच्या गावांचं टपाल, मनिआर्डरी, दिवस गेलं. आणि बुधवारी सकाळी हापिसात गेलो तर मास्तरांच्या टेबलासमोर एक कोटवाला बसल्याला, उमेदवाराचा माणूस. मास्तरांचं तोंड लाल. म्हणलं, परशराम, बा इल्ली, ये हितं. फणसवाडीला नऊ कागद गेलं, किती परत आलं? मी म्हणलं, एक बी न्हाय. कोटवाला म्हणला, सात गावांचं कागद येत्यात आणि एकाच गावाचं न्हाय येत, वाटंत कुणी इकत घेतलं का? का ओढ्यात पडलं? माझ्याकडं बगून हसला. मी म्हणलं, साहेब, मी टेंपरवारी हाय पण चोर न्हाय! मास्तरांनी हात आपटला, सुम्मनिरु, गप बस. मग त्यो गेल्यावर मला हळू म्हणलं, बग, पुढच्या म्हयन्यात तुला पक्का करायचा कागद मी वर धाडलाय. आज जा, ती पाकिटं कुठं हायती बगून ये. उद्या संध्याकाळी बेळगावात न्हाय पोचली तर चौकशी लागंल, आणि चौकशीतला माणूस पक्का होत नसतो.

काय पळालो असंन मी! सायकल ओढ्यापतोर, पुढं पायी. आप्पांच्या दारात पोचलो तर धाप लागून बोलता येईना. म्हणलं, आप्पा, पाकिटं! आप्पा अंगणातनंच म्हणलं, लांब हुबा रहा परशा, सुतक हाय. मी म्हणलं, व्हय, पण पाकिटं? आप्पा म्हणलं, आरं येडा का काय तू, भावकी एक, सुतक नऊ घरांस्नी. दहा दिवस देव झाकल्यात. सुतकातल्या घरातनं कुणाला चिमूटभर मीठ देत न्हाय, आणि मताचा कागद देऊ? ज्याला मत दिलं त्याचं वाटोळं हुईल की! शनिवारी सुतक फिटतंय, रविवारी सकाळी ने.

रविवारी! आणि मुदत उद्या पाचाला!

आता मला सांगा, ह्यांनी अर्ज केला, कागद मागवला, खूण केली, वरनं खळ लावली, आणि कागद ट्रंकेत. कोटवाल्याला वाटतंय चोरी, कचेरीला वाटतंय आळस, आणि हितं तर उलट, कागदाची एवढी काळजी की त्याला सुतक लागू नये म्हणून धाडला न्हाय! मी डोकं धरून दगडावर बसलो. आणि बसल्या बसल्या मला अण्णा आठवलं. वरच्या तारखेपासनं खालच्या सहीपतोर. तारीख! लक्षुमण गेला कवा? ते कुणालाच ठावं न्हाय, कारण मी वाचलंच न्हाय! आणि आमच्यात सुतकाचा हिशोब तर त्याच्यावर. आमच्या गावात एकाचा भाऊ मुंबईला वारलता, बातमी लई उशिरा आली, तवा घरच्यांनी तीनच दिवस पाळलं हुतं, मला पक्कं आठवत हुतं!

मी नागूआक्काच्या दारात गेलो. ती भिताडाला टेकून बसलती. सहा दिवसांत बाई निम्मी झालती. मी म्हणलं, आक्का, त्या दिवशी मी पत्र अर्धंच वाचलं. माझी चूक झाली. पुरं वाचू का? तिनं पदराची गाठ सोडून पत्र अंगणात ठेवलं, मी उचललं आणि वाचलं, ह्या टायमाला सहीपतोर. त्यो गेला ती तारीख हुती दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. दोन म्हयन्यांच्या वर झालतं! आणि तारखेच्या खाली लिहिलतं की त्याला त्याच्या सोबत्यांनी आपल्या रितीपरमाणं अग्नी दिला, गावाकडच्या एकानं पाणी दिलं.

आक्का काय तरी म्हणली. मला ऐकू आलं न्हाय. मी म्हणलं, काय? ती म्हणली, सहा दिवस मी ह्याच इचारात हुतो रं, माझ्या लेकराला अग्नी कुणी दिला आसंल, का तसाच टाकला. तू त्या दिवशीच वाचलं असतंस तर.

तुम्हाला सांगतो, नोकरी गेली असती तर एवढं वाटलं नसतं जेवढं त्या एका बोलण्यानं वाटलं.

पण टाईम न्हवता. पत्र तिला इचारून घेतलं आणि खालच्या गावच्या भटजींकडं. भटजी शेंगा फोडत बसलतं. मी धापा टाकत इचारलं, तर म्हणलं, टपालखात्याला सुतकाची कसली घाई? मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं, पंचांग काढलं, बोटं मोजली. म्हणलं, दहा दिवसांच्या आत बातमी आली तर राहिलेलं दिवस पाळायचं. दहानंतर तीन म्हयन्यांच्या आत आली तर तीन दिवस. ह्ये तीनात बसतंय. गुरवारी बातमी आली, म्हणजे शनवारीच फिटलं, आंघोळ करून मोकळं व्हायचं. मी म्हणलं, भटजी, लिहून द्या! त्यांनी पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं, आणि मी परत डोंगर चढलो. एका दिवसात दोनदा! आप्पांनी चिठ्ठी डोळ्याजवळ धरून वाचली, दोनदा वाचली, आणि त्यांचा आवाज पयल्यासारखा झाला. म्हणलं, म्हणजे चार दिवस आम्ही उगाच फालतू ड्युटी केली? उद्या पाटं सगळ्यांनी आंघोळी! परशा, तू आज हितंच पड.

तर सकाळी उजाडताना, थंडी अशी की ओढ्यावर वाफ निघतीया, आणि आठ म्हातारं-मध्यम बाप्ये ओढ्यात! दादूआबा वरडतंय, मत द्यायला बुडवून मारतंय रं हे सरकार! कुणी शिव्या देतंय, कुणी हर हर म्हणतंय, मी काठावर हुबा राहून हसतोय आणि मनात सूर्याकडं बगतोय, गुंजी ठेसनावरनं बेळगावची गाडी हाय, ती चुकली तर मेलो. आप्पांनी देवापुढं दिवा लावला, ट्रंक उघडली, पाकिटं काढून कट्ट्यावर ठेवली. मी मोजली. नऊ.

नऊ! पण आंघोळीला तर आठच जण हुतं. मी म्हणलं, आप्पा, आक्का? आप्पा खाली बगून म्हणलं, ती म्हणती तिला न्हाय मोकळं व्हायचं. तू ने रं. पाकीट माझ्या ट्रंकेत हुतं, मी आंघोळ केलीया, मी देतोय. तिला कळायचं बी न्हाय. खूण तिचीच हाय की आत.

खरं सांगू, मी ते पाकीट पिशवीत घातलं. घातलं! नऊ पुरी झाली, नोकरी वाचली, मास्तर खूश. अंगणाच्या कडंपतोर आलो. तितं फणस. फणसाखाली कोण न्हाय. दर गुरवारी ती तिथं हुबी असायची आणि आज गुरवार. मी मागं फिरलो.

आक्काच्या दारात पाकीट ठेवलं. म्हणलं, आक्का, भटजींनी तीन दिवस सांगितल्यात. तुमास्नी ठावं हाय न्हवं? व्हय, म्हणली, आप्पांनी वाचून दाखवलं. शास्त्रात तीन असतील. मला दहा पायजेत. मी म्हणलं, आक्का, पण. ती म्हणली, परशा, त्यो गेला तवा मी करंज्या तळत बसलतो. तू डब्यावर पत्ता लिहीत हुतास तवा त्यो न्हवता. दिवाळीला मी दारात दिवं लावलं. माझ्या लेकराचं सुतक मी पाळलंच न्हाय रं एक दिस बी. आता पाळू दे की मला पुरं.

मग तिनं माझ्या तोंडाकडं बगितलं. म्हणली, हे न्हाय गेलं तर तुझ्या नोकरीला काय व्हतंय का?

मी म्हणलं, छ्या! काय न्हाय व्हत आक्का.

आणि पळालो. आठ पाकिटं घिऊन असा पळालो की ओढ्यात एक वहाण गेली, जाऊ दे म्हणलं. हापिसात मास्तर शिक्का घिऊनच बसलतं. धप, धप, धप, आठ शिक्कं मारलं, बेळगावची टपालपिशवी बांधून माझ्याच खांद्यावर टाकली, म्हणलं, होगु, होगु, गाडी निघंल, तूच जा! एका पायात वहाण, एक पाय उघडा, असा मी गुंजीला गाडीत चढलो, बेळगावात उतरून टपाल हापिसात पिशवी दिली, तितल्या शिपायाबरोबर निवडणुकीच्या कचेरीत हजर. चार वाजलतं! चार! मला तर वाटलं कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात.

तितं एक कारकून, चष्मेवाला, बरा माणूस, वाईट म्हणणार न्हाय मी. आठ पाकिटं टिचकी मारून घेतली, यादी काढली. म्हणला, फणसवाडी, गेले नऊ, आले आठ. नववा? मी म्हणलं, मतदारानं दिला न्हाय. कारण? इथं कारण लिहावं लागतं. मी सांगायला लागलो, सगळं, पत्र, दिवाळी, करंज्या, भटजी. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणला, म्हणजे सुतक? पण ह्या आठांनाही तेच सुतक ना? त्यांचं तीन दिवसांत संपलं आणि बाईचं संपलं नाही? एका मेलेल्या माणसाची दोन सुतकं? मी म्हणलं, ती आई हाय साहेब. त्यो म्हणला, हे बघ, वरून ठरवून दिलेले शब्द तीनच. मयत, परगावी, निष्काळजी. बाई मयत नाही, परगावी नाही. म्हणजे निष्काळजी. लिहितो, तू सुटलास, टपालखात्यावर काही येत नाही. आणि त्यानं टाक दौतीत बुडवला.

मी हात आडवा घातला! कारकुनाच्या वहीवर! शिपाई दचकला. म्हणलं, साहेब, त्यो शब्द लिहू नका. ती बाई निष्काळजी न्हाय. कारकून म्हणला, मग कोरं ठेवू? कोरं ठेवलं तर चौकशी तुझ्यावर येईल, कळतंय का? मी म्हणलं, कळतंय, ठेवा कोरं. त्यानं टाक माझ्याकडं केला. मग म्हणला, कोऱ्यासमोर तुझी सही कर. केली. परशराम, टेंपरवारी पोष्टमन, सगळं लिहिलं, तारीख बी घातली, तारीख इसरायची न्हाय आता जलमात.

मग काय, लागली चौकशी. कोटवाला हसला असंल. मास्तरांनी चार ओळी माझ्या बाजूनं लिहिल्या, पण पक्का व्हायचा कागद खाली आला, परत वर गेलाच न्हाय. आणि आमचा साकववाला उमेदवार, त्यो पडला. चांगला पडला, एका मतानं न्हाय, पार आपटला. म्हणजे आक्काचं पाकीट गेलं असतं तरी काय फरक न्हवता. मास्तर म्हणत्यात, तू मूर्ख हायस. त्यांनी मला घरी जेवायला बोलवलं त्या दिवशी, आणि ताटात दोन होळग्या, म्हणजे त्यांच्याकडच्या पुरणपोळ्या, जास्त वाढायला सांगितलं.

ते दीड वर्षामागचं. आता बगा, स्वराज्य आलं! ह्याच पावसाळ्यात! मास्तरांनी हापिसावर झेंडा लावला, मी दोरी वडली, मास्तर रडलं, मी पण. दुसऱ्या दिवशी गुरवार न्हवता तरी मी फणसवाडीला गेलो, ओढा तुडुंब, दोराला लटकत, खिशात मास्तरांनी दिलेलं पेढं, पार भिजून लगदा झालतं. फणसाखाली आक्का हुबी. आता इचारत न्हाय ती माझं काय हाय का म्हणून, नुसती हुबी असती, आणि ताक असतंय. मी वरडलो, आक्का, स्वराज्य! आता म्हणत्यात सगळ्यांस्नी मत मिळणार, सगळ्या बायास्नी बी, पेन्शन असो नसो! ती म्हणली, पेढा देतोस का सांडतोस, आदी बस.

मग आत गेली आणि ते पाकीट घिऊन आली. लक्षुमणच्या पत्रांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलंय. खळ अजून सुटली न्हाय, आप्पांची खळ ती. म्हणली, हे आता कुणाला चालत न्हाय न्हवं? मी म्हणलं, न्हाय आक्का. बरं, असू दे मग. पुढच्या टायमाला तुझा टपालाचा कागद नको मला, चौदा मैल तर चौदा मैल, मी येतो चालत. तवर तू पक्का झाला असशील का रं?

मी म्हणलं, बगू की.

ती म्हणली, व्हशील. माझं मत तुला हाय म्हण. आणि माझ्या त्या ढगळ कोटाची बाही वर दुमडून दिली तिनं, पाण्यानं लोंबत हुती ना, दोन्ही हातांची, नीट. मग म्हणली, जा आता, पाणी चढतंय, दोर घट धर.